दहा मिनिटांत दहा नखं

आणि नाक खाजलं तर? नाही, मला एवढंच सांगा, नाक खाजलं तर माणसानं करायचं काय? एक हात त्या पार्लरवालीच्या मुठीत, दुसरा त्या रंग वाळवायच्या निळ्या दिव्याच्या पेटीत कोंडलेला, आणि नाक नेमकं तेव्हाच! एरवी महिना महिना खाजत नाही हो, गरीब बिचारं चष्म्याखाली पडून असतं. पण दोन्ही हात अडकले रे अडकले, की त्याला जाग येते. मी आपली मान वाकडी करून खांद्यावर नाक घासतेय, तर ती कशी म्हणते, "ताईऽऽ, हलू नका ना... हात सैल सोडा." हात सैल सोडा! अगं बाई, हात सैलच आहे, जीव आवळलाय माझा!

दोन तास. तुम्हाला सांगते, घड्याळ लावून दोन तास! नखांसाठी! आमच्या कन्येचा जन्म दीड तासात आटपला होता, आणि तिथून निदान मूल घेऊन घरी आले. इथून काय आणलं? दहा लाल ठिपके! आणि पुन्हा ते दोन तास ती गप्प बसते का? अजिबात नाही. हात धरलेलाच असतो, पळणार कुठे आपण? "घरी कोण कोण असतं, ताई?" सांगितलं. "मिस्टर काय करतात?" तेही सांगितलं. "घोरतात का हो?" आता हे विचारायची गोष्ट आहे का? पण कुणी हात हातात घेऊन विचारलं ना, की खोटं बोलताच येत नाही माणसाला. डाव्या अंगठ्याला आमच्या ह्यांचं घोरणं निघालं, मधल्या बोटापर्यंत सासूबाई येऊन गेल्या, आणि उजव्या करंगळीला मी रडत होते. कशाला रडत होते ते आता आठवतही नाही! शेजारच्या खुर्चीतली एक अनोळखी बाई, पाय टबात बुडवून, माझ्याकडे बघून मान डोलावत होती.

बरं, एवढं करून टिकलं किती? पाच दिवस! सहाव्या दिवशी एका कडेनं रंगाचा पापुद्रा सुटला. तो काढायचा तर म्हणे पुन्हा तिच्याकडेच जायचं. म्हटलं, मेले तरी जाणार नाही. बसले आणि दातओठ खाऊन ओढून काढला. तो निघाला, पण बरोबर नखाचा वरचा थरही घेऊन गेला. कांद्याच्या सालीसारखी झाली हो नखं माझी.

तुम्ही म्हणाल, मग जायचंच कशाला? घरी बसायचं, नखं कापायची, गप्प राहायचं. अहो, राहिले असते! पण मी काय काम करते ते तुम्हाला सांगितलंच नाही का अजून? बघा, नखांच्या नादात मुद्दा राहिला. मी दागिन्यांच्या दुकानात असते. अंगठ्यांच्या काउंटरवर. एकोणीस वर्षं! त्या दुकानात सगळ्यात जास्त बघितली जाणारी वस्तू कुठली, सांगा? हिरा? छे! माझा डावा हात. कारण अंगठी घ्यायला निम्मे पुरुष एकटे येतात, गुपचूप. बिचारे डबीतली अंगठी बघतात आणि चेहरा असा करतात, की गणिताचा पेपर समोर ठेवलाय. मग मी म्हणते, थांबा, घालून दाखवते. डाव्या हाताच्या चौथ्या बोटात अंगठी घालायची, हात असा जरा तिरका धरायचा, दिव्याखाली... की लगेच चेहरा उजळतो. ह्या बोटावर, तुम्हाला खोटं वाटेल, निम्म्या गावाची लग्नं ठरली आहेत.

आणि आमच्याकडे एक रीत आहे. अंगठी विकली गेली, की तशीच डबीत घालायची नाही. सतरा जणांची बोटं लागलेली असतात तिला. म्हणून काउंटरवर कोमट साबणपाण्याची वाटी. त्यात अंगठी बुडवायची, मऊ ब्रशनं घासायची, फडक्यानं टिपायची, डबीतल्या गादीच्या खाचेत बसवायची, झाकण टप्प! दिवसाला दहा-बारा वेळा. एकोणीस वर्षं साबणपाण्यात हात घालून बघा, मग मला सांगा नखांचं काय होतं ते. माझ्या नखांना कडाच उरल्या नव्हत्या, नुसत्या चिरा. त्यावर आणखी पार्लरचा प्रसाद!

आणि अशात आले आमचे नवे मॅनेजर. आम्ही त्यांना चकचकीत साहेब म्हणतो. बूट चकचकीत, केस चकचकीत, बोलणं चकचकीत. फक्त हाताची नखं विचारू नका. सगळी कुरतडलेली! फोन वाजला की एक बोट तोंडात, वरून फोन आला की दोन. तर हा माणूस, तोंडातलं बोट काढून मला म्हणतो, "ताई, शनिवारी वरच्या मॅडम येतायत. पुढच्या काउंटरवर हात कसे प्रेझेंटेबल पाहिजेत. तुमचे जरा... म्हणजे राग मानू नका... नाहीतर आपण तुम्हाला सोमवारपासून भिंतीवरच्या घड्याळांकडे बसवू. तिथं हाताचं काही नसतं."

भिंतीवरची घड्याळं! अहो, ते काउंटर आहे कुठे माहीत आहे का? गोदामाच्या दाराशी, जिन्याखाली. चाळीस घड्याळं, चाळीस वेळा, आणि टिकटिक टिकटिक. तिथला माणूस रिटायर झाला तर आठ दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही! त्याच्या खुर्चीवरचा कोट बघून सगळ्यांना वाटायचं, आहे की बसलेला. तिथं मला? जिच्या बोटावर निम्म्या गावाची लग्नं ठरली तिला? खरं सांगू? त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन मी हाताकडे बघत उभी राहिले, आणि मला माझ्या हातांची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा. तेच मला फार लागलं.

घरी आले तर कन्या म्हणाली, "आई, रडतेस काय? प्रेस-ऑन लाव." म्हटलं, ते काय असतं? तर म्हणे तयार नखं. डब्यात मिळतात. चिकटवायची, झालं. पार्लर नको, दिवा नको, बाई नको. मी म्हटलं, खोटी नखं? मी? तर म्हणाली, "आई, तुझ्या केसांचा काळा रंग कुठल्या झाडाला लागतो?"

डबा आणला. आणि त्या डब्यावर, तुम्हाला सांगते, हेऽऽ मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: दहा मिनिटांत दहा नखं! मी म्हटलं, याला म्हणतात माणसाची कदर. दोन तास कुठे आणि दहा मिनिटं कुठे! आत काय काय होतं? फिक्या गुलाबी रंगाची चोवीस नखं, ओळीनं निजवलेली, प्रत्येकाच्या पाठीवर बारीक नंबर. एक छोटी कानस. एक लाकडी काडी. एक गोंदाची बाटली, आणि एक टेपचा कागद, दोन्ही बाजूंनी चिकटणारे ठिपके असतात ना, तसला. हवं तर गोंद लावा, हवं तर टेप. आणि एक घडी घातलेला कागद, त्यावर मुंग्यांएवढी अक्षरं.

कन्या म्हणाली, "आई, आधी कागद वाच." मी म्हटलं, मला? एकोणीस वर्षं मी लोकांच्या बोटांची मापं घेतेय, नुसतं बघून सांगते, तुमचं चौदा, तुमचं सोळा, आणि मला नखांची मापं कागदावरून शिकवतेस? बघ तू! आणि खरंच सांगते हां, त्यात मी चुकले नाही. एकेक नख उचललं, नजरेनं बोटाला लावून बघितलं, अंगठ्याला एक नंबर, तर्जनीला पाच, चौथ्या बोटाला सहा. डावं-उजवं वेगळं. लोकांना हे माहीत नसतं, पण उजव्या हाताची बोटं जरा जाड असतात. नखं स्पिरिटनं पुसली, मुळाची कातडी काडीनं मागे सारली, सगळं शिस्तीत. "गोंद लाव," कन्या म्हणाली. म्हटलं, नको. गोंद म्हणजे पुन्हा कायमची कटकट. टेप बरी. सकाळी लावायची, रात्री काढून ठेवायची, चष्म्यासारखी. आपण मालक, नखं नोकर!

आणि आमचे हे! नख चिकटवलं की तीस सेकंद दाबून धरायचं असतं, तर ह्यांना म्हटलं, जरा मोजा. अहो, काय ते गांभीर्य! घराच्या कागदांवर सही करताना एवढे गंभीर नव्हते. "दाब... सोडू नकोस... सत्तावीस... अठ्ठावीस..." शेवटच्या करंगळीला तर त्यांनी स्वतःच दाबून धरलं. चोवीस वर्षांत इतका वेळ हात धरला नव्हता हो त्यांनी माझा. तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद! दहा मिनिटांत दहा नखं! डब्यावर लिहिलं होतं ते खरं निघालं, असं जगात दुसरं काय आहे, सांगा मला?

शुक्रवारी सकाळी मी दुकानात शिरले ती राणीच्या थाटात. उगाचच काचेवर टकटक करत होते. काय तो आवाज! आमची घड्याळवाली आली. भिंतीवरची नाही हो, मनगटी घड्याळांची, माझ्या शेजारचं काउंटर तिचं. म्हणाली, "अय्या, ताई! कुठल्या पार्लरमध्ये?" मी म्हटलं, कुठलं पार्लर घेऊन बसलीस, दहा मिनिटांत दहा नखं! हिला सांगितलं, तिला सांगितलं, सफाईवाल्या मावशींना सांगितलं. चकचकीत साहेब लांबून बघून गेले आणि म्हणाले, "हां, आता कसं." एक बोट तोंडात घालून!

दुपारी आला गोंधळराव. हा एक मुलगा, पंचविशीतला, तीन आठवड्यांत चौथ्यांदा आलेला. नाव रजिस्टरमध्ये होतं, पण आमच्यात गोंधळराव. आला की आधी छत्रीच्या स्टँडला धडकायचा. मग मला म्हणायचा, "मावशी, ती परवाची... नाही, त्याच्या आधीची... दाखवता?" त्याच्या मैत्रिणीला मागणी घालायची होती, आणि माप कुठलं आणलं होतं त्यानं? काही नाही! "तिचं बोट अगदी तुमच्यासारखं आहे, मावशी." एवढ्यावर! मी अंगठी घातली, हात तिरका धरला, तर हा घसा खाकरून म्हणतो, "मावशी, एकदा सराव करू का?" आणि माझ्या बोटाकडे बघत, घामाघूम होऊन, "माझ्याशी... लग्न करशील?" नेमके त्याच वेळी साहेब मागून गेले. जागच्या जागी थांबले. मी म्हटलं, गिर्‍हाईक आहे, साहेब! असा सराव त्या दिवशी अकरा वेळा झाला. शेवटी त्याला अंगठी पसंत पडली. मला पाझर फुटला हो, इतकं मनापासून विचारत होता. संध्याकाळीच विचारणार होता तिला. मग मी नेहमीच्या रीतीनं अंगठी कोमट साबणपाण्यात बुडवली, ब्रशनं घासली, फडक्यानं टिपली, गादीच्या खाचेत बसवली, टप्प! वर फीत बांधली. गोंधळराव गेला, जाताना पुन्हा छत्रीच्या स्टँडला धडकून.

दुकान बंद व्हायची वेळ. मी घड्याळवालीला पुन्हा सांगत होते, हात पसरून, अगं दहा मिनिटांत दहा... दहा... सात, आठ, नऊ.

नऊ?

पुन्हा मोजली. नऊ! डाव्या हाताचं चौथं बोट, तेच ते लग्नं ठरवणारं, उघडं बोडकं! आता तुम्हाला कळलं असेल, मला तेव्हा कळलं. सकाळपासून नऊ-दहा अंगठ्या मी कोमट साबणपाण्यात घासल्या होत्या. त्या मुंग्यांच्या अक्षरांत काय लिहिलं होतं, ते मी घरी जाऊन भिंगातून वाचलं: 'टेप वापरल्यास हात पाण्यात घालू नयेत.' म्हणजे जगातल्या सगळ्या बायकांत नेमकं जिनं पाण्यात हात घालायचे नाहीत, तिचा धंदाच पाण्यात हात घालायचा!

शोधलं. काउंटरखाली, गालिच्यावर, फडका झटकून. वाटीतलं पाणी चहाच्या गाळणीतून गाळलं. घड्याळवाली तर गुडघ्यांवर बसून टॉर्च मारत होती. मग ती उठली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई... शेवटची डबी कुणाची बंद केलीत?" तोंडचं पाणी पळालं माझ्या! डबीच्या आतली गादी कुठल्या रंगाची? फिकी गुलाबी! नख कुठल्या रंगाचं? मी झाकण लावलं तेव्हा ते तिथंच निजलेलं असणार, आणि मला दिसलं नाही.

रजिस्टर काढलं, फोन लावला. उचलत नाही. पुन्हा लावला. उचलत नाही! उचलेल कसा, तो सरावात! किती वेळा लावला असेल? अकरा वेळा. त्याच्या सरावाइतकाच! मला आपलं वाटत होतं, मी त्याला वाचवतेय. प्रत्यक्षात काय झालं, ते मला दुसर्‍या दिवशी कळलं. हॉटेलात टेबलावर त्याचा फोन पडलेला, आणि त्या फोनवर अकरा वेळा नाव उजळलं. त्यानं माझा नंबर कुठल्या नावानं ठेवला असेल? 'अंगठीवाली'! समोर ती मुलगी बसलेली. आणि ते अकरा वेळा बघून झाल्यावर यानं डबी उघडली. आत अंगठी. आणि अंगठीला टेकून, एका बाईचं नख.

मला त्या शुक्रवारी रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी डब्यात बघितलं, तर सहा नंबरचं नख शिल्लक नाही. उरलेली एक तर अंगठ्याएवढी, नाहीतर बाहुलीला बसतील अशी. करते काय? नऊ नखं लावली आणि चौथ्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. साहेबांनी बघितलं. "ताई! अंगठीच्याच बोटाला?" म्हटलं, कापलं, साहेब. दोन बोटं तोंडात!

अकरा वाजता वरच्या मॅडम आल्या. उंच, साखळीचा चष्मा, बोलणं कमी. खण उघडतात, बंद करतात, वहीत काहीतरी लिहितात. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हाताकडे बघितलं. "हे बोट?" म्हटलं, कापलं, मॅडम. "कशानं?" आता कशानं? अंगठ्यांच्या काउंटरवर कापण्यासारखं असतं काय? मी म्हटलं, फितीनं. फितीनं! माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

तेवढ्यात छत्रीचा स्टँड वाजला. मी न बघताच ओळखलं. गोंधळराव! चेहरा उतरलेला, शर्ट कालचाच. आणि त्याच्या पुढे, ताडताड चालत, एक बुटकीशी मुलगी. दातांची डॉक्टर ती. म्हणजे तोंडातलं खरं कुठलं आणि बसवलेलं कुठलं, हे ओळखणं तिचं रोजचं काम! आली, काउंटरशी थांबली, पर्समधून एक पारदर्शक पिशवी काढली, आणि माझ्या मखमली ट्रेवर ते नख ठेवलं. हिरा ठेवतात ना, तसं. म्हणाली, "हा म्हणतो, हे नख दुकानातल्या मावशींचं आहे. मला बघायचंय, असं कोणी आहे का खरंच. नसेल तर तसं सांगा. मी अंगठी ठेवते आणि जाते."

साहेब मधे धावले. "मॅडम, आमच्याकडे असलं काही नसतं. आमच्या स्टाफचे हात बघा, सगळे व्यवस्थित आहेत. हे आमचं नाहीच!" आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगतायत, गप्प राहा. मागे वरच्या मॅडम, वही उघडी.

तुम्हाला सांगते, गप्प राहिले असते तर सुटले असते. कुणाला कळणार होतं? चिकटपट्टी होतीच. पण कानात माझ्या टिकटिक सुरू झाली, चाळीस घड्याळांची. एकीकडे ती घड्याळं आणि एकीकडे गोंधळराव. तो नुसता माझ्या बोटाकडे बघत होता, सरावाच्या वेळी बघायचा तसा. अकरा वेळा त्यानं ह्या बोटाला विचारलं होतं हो, आणि ह्या बोटानं त्याला एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

मी चिकटपट्टी ओढून काढली. ट्रेवरचं नख उचललं, बोटावर ठेवलं. टक्क! बसलं. म्हटलं, माझं आहे. सहा नंबर, डावा हात, चौथं बोट. काल साबणपाण्यात टेप सुटली आणि तुमच्या डबीत पडलं. अकरा फोन मीच केले, डबी उघडू नका म्हणून सांगायला. कापलं-बिपलं काही नाही, मॅडम, मी खोटं बोलले. नखं खोटी आहेत, तेही खरं. पण हा मुलगा खरा आहे. तीन आठवड्यांत चार वेळा आला, छत्रीच्या स्टँडला आठ वेळा धडकला, आणि तुम्हाला कसं विचारायचं याचा सराव माझ्यासारख्या म्हातारीवर केला. मला तर शेवटी शेवटी हो म्हणावंसं वाटायला लागलं होतं!

ती डॉक्टर काय करते, माझा हात हातात घेते, नख वर-खाली करून बघते, दात हलवून बघतात तसं. "फिटिंग चांगलं आहे," म्हणाली. "चिकटवलंय वाईट." आणि हसली! अशी हसली की गोंधळराव मागे सरकून पुन्हा स्टँडवर. मग तिनं आपला हात काउंटरवर ठेवला आणि त्याला म्हणाली, "हं. आता मला विचार." विचारलं त्यानं, सगळ्यांसमोर, अडखळत. अंगठी घातली. आणि बसली हो बरोबर! माप न घेता, नुसत्या माझ्या बोटावरून! घड्याळवालीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांच्या तोंडात तीन बोटं.

मग वरच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्ही. केबिनमध्ये या." संपलं, म्हटलं. मनातल्या मनात जिन्याखालच्या खुर्चीवर माझा कोट टांगला सुद्धा. आत गेले. त्यांनी दार लावलं, खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "टेप?"

मी म्हटलं, अं?

"टेप लावता की गोंद?"

टेप, मॅडम.

"टेप पाण्यात सुटते. गोंद लावा." आणि टेबलावर आपली बोटं वाजवली. टकटक, टकटक! तोच आवाज! मी त्यांच्या हाताकडे बघितलं, त्यांनी माझ्या हाताकडे. "माझं एक मागच्या वर्षी जेवणाच्या मीटिंगमध्ये गेलं," म्हणाल्या. "चेअरमनच्या सूपमध्ये. मी काही बोलले नाही. तुम्ही बोललात." चष्मा लावला, वही मिटली. "अंगठ्यांचं काउंटर तुमचंच राहील."

हे इथंच संपलं असतं ना, तर मी आज तुमच्यापुढे असं बडबडत बसले असते का? जाताना दारातून त्या वळल्या. म्हणाल्या, पुढच्या सगळ्या काउंटरवरच्या मुलींना अशीच नखं लावून द्या. गोंदानं. तुमचा हात बसलाय. लेखी ऑर्डर आली! सोमवारपासून मी रोज दीड तास आधी जाते; गोंद लावला तरी घरच्या भांड्या-धुण्यात नखं सुटतातच. दुकानात सात जणी. एकेकीला समोर बसवायचं, हात हातात घ्यायचा, नंबर लावायचा, दाबून धरायचं. दहा मिनिटांत दहा नखं, डब्यावर लिहिलंय. आणि तीस सेकंद कुणाचं बोट दाबून बसल्यावर माणूस काय करणार? बोलायला नको? परवा माझ्या तोंडून निघालं, "मग काय गं, घरी कोण कोण असतं?" घड्याळवाली उजव्या करंगळीला रडली.

आणि सात जणी झाल्या की आठवे कोण? केबिनचं दार लोटून, इकडे तिकडे बघून, चकचकीत साहेब दहाही बोटं पुढे करतात. "ताई... बिनरंगाची मिळतात का हो?" त्या बोटांकडे बघवत नाही हो. शाळेत असल्यापासून कुरतडतो, म्हणाले, वडिलांच्या भीतीनं. हे मला मधल्या बोटाला कळलं. हात नुसता ताठ. मी म्हटलं, "साहेब, हात सैल सोडा." आता कुरतडायला गेले की प्लास्टिक लागतं दाताला, त्यामुळे सवय सुटत चाललीय.

तर असं सगळं छान चाललंय. सगळ्यांची नखं झाली. फक्त माझी राहिली. आठ जणांची ऐंशी नखं लावून झाली की दुकानाचं शटर वर जातं, आणि मी बोडक्या बोटांनी काउंटरवर! घरी गेल्यावर हातात जीव नसतो, हे मोजायला तयार असतात, पण दहाच्या दहा बोटं दाबणार कोण? काल साहेबच म्हणाले, अगदी प्रेमानं, "ताई, मॅडम पुढच्या आठवड्यात पुन्हा येतायत. तुमचे हात तेवढे जरा..."

म्हणून उद्याचा पार्लरचा नंबर लावलाय. हो, तिच्याकडेच. फोन केला तर पहिल्या वाक्याला म्हणते, "या, ताई, या! मिस्टरांचं घोरणं कसं आहे?"

जाते. काय करता... नाक तेवढं घरूनच खाजवून जाईन.